यंत्राची फौज आणि आपला जमाखर्च

संगणकाशी युद्धाचे खेळ खेळून जे वारंवार पराभूत होतात, त्यांची कैफियत ऐकू गेल्यास तीत बहुधा एकच तक्रार निरनिराळ्या शब्दांत निघते, ती म्हणजे यंत्र लबाडी करते. गेल्या दिवाळीत पुण्यास बहिणीकडे मुक्कामाला असता तिच्या चौदा वर्षांच्या चिरंजीवांनी हीच फिर्याद माझ्यापुढे गुदरली. “मामा, तो चीटिंग करतो! माझे पाच सैनिक आणि त्याचे चाळीस. एवढे आले कुठून?” खेळ होता ‘एज ऑफ एम्पायर्स’ मालिकेतील दुसरा, १९९९ साली निघालेला आणि २०१९ साली नव्या साजात पुन्हा बाजारात आलेला.

फिर्याद सर्वस्वी निराधार होती असे नाही. मूळच्या आवृत्तीत सर्वांत कठीण पायरीवर यंत्राच्या खजिन्यात फुकटची भर पडत असे. आणि ‘सिव्हिलायझेशन’ मालिकेच्या सहाव्या खेळात सर्वोच्च पायरीवर आपण नगर वसवणारे एक पथक घेऊन आरंभ करतो, तेव्हा यंत्राच्या पदरात तशी तीन पथके आधीच पडलेली असतात. अवघड पायरी म्हणजे अधिक बुद्धिमान यंत्र हा समज यामुळेच फसवा ठरतो, कारण तेथे पुष्कळदा अक्कल तीच राहून केवळ भांडवल वाढते. परंतु २०१९ च्या आवृत्तीसाठी नव्याने रचलेले यंत्र अशी सवलत घेत नाही. ते चाळीस शिपाई त्याने आमच्या भाच्याइतक्याच शिदोरीवर उभे केले होते.

मग ते आमच्याहून सखोल विचार करते काय? तसेही नाही. या खेळातले यंत्र म्हणजे ‘अमुक स्थिती असल्यास तमुक करावे’ अशा कलमांची लांबलचक जंत्री आहे, आणि ती जंत्री ते एखाद्या निष्ठावंत, निरुत्साही कारकुनाप्रमाणे अखंड राबवीत असते. शत्रूची चाहूल लागली म्हणून त्याचे हातातले काम थांबत नाही, की लढाईची मौज पाहण्यात त्याचा क्षणही जात नाही. त्याचे सामर्थ्य एवढेच आहे, आणि नवशिक्याला लोळवायला ते पुरते.

सर्वांत खोल रुजलेला गैरसमज असा, की आरंभीच चार शिपाई पदरी बाळगले म्हणजे राज्य सुरक्षित होते. याची रुजवात पाहण्यासाठी मी दुसऱ्या दिवशी वही घेऊन भाच्याशेजारी बसलो. डाव सुरू होतो तेव्हा तीन गावकरी, एक टेहळ्या स्वार आणि मुख्य केंद्राची इमारत आपल्या हाती असते. नवा गावकरी घडायला २५ सेकंद आणि ५० अन्न लागते. केंद्र एकदाही रिकामे न ठेवल्यास खेळाच्या घड्याळात आठव्या मिनिटास १९ नवे आणि मूळचे ३ मिळून २२ गावकरी व्हायला हवेत. भाच्याचे होते १४. त्याने उभारलेल्या पाच पायदळ शिपायांना प्रत्येकी ६० अन्न आणि २० सोने पडले होते. म्हणजे ३०० अन्न, सहा गावकऱ्यांची किंमत, त्या शिबंदीत गेली. उरलेल्या दोघांचा हिशेब याहून मजेदार निघाला. केंद्रात पाच जणांची सोय असते, पुढे प्रत्येक घरात आणखी पाच. भाच्याची घरे तीन, म्हणजे मर्यादा वीस. चौदा गावकरी, एक स्वार आणि हे पाच वीर मिळून बरोबर वीस भरले, आणि चौथे घर उठेपर्यंत पन्नास सेकंद केंद्र हात जोडून बसले. २५ लाकडांचे घर! तोवर यंत्राचा एकही स्वार आमच्या हद्दीत फिरकला नव्हता. पाचही शिपाई एका झाडाखाली निवांत उभे होते.

शिल्लक पडलेला खजिना हे समृद्धीचे लक्षण होय, ही समजूत व्यवहारी घरांतल्या मुलांत विशेष आढळते. बाविसाव्या मिनिटास भाचा हरला तेव्हा त्याच्या जमेस चौदाशेहून अधिक अन्न होते. बँकेत त्याला व्याज मिळाले असते. येथे न खर्चलेल्या अन्नाचा लढाईत काडीइतका उपयोग नाही.

हाताच्या चपळाईचाही असाच बडेजाव होतो. चपळाईत यंत्राशी स्पर्धा करणेच व्यर्थ, कारण गोफणयंत्राचा दगड हवेत असतानाच ते आपले शिपाई बाजूला काढते. माणसाची सरशी व्हायची ती निवडीत. यंत्राने घोडदळाचा सपाटा लावला असता प्रत्येक सरदारस्वारामागे त्याचे ६० अन्न आणि ७५ सोने खर्ची पडते, आणि सोन्याच्या खाणी तर आटणाऱ्या. उलट स्वारांना हटकून भारी पडणारा भालाईत ३५ अन्न आणि २५ लाकडांत, सोन्याला हात न लावता उभा राहतो. हा सौदा एकदा उमगला म्हणजे तटबंदी, तोफा आणि दहा प्रकारची पथके यांचा पसारा पुष्कळ काळ लांबणीवर टाकता येतो.

राहता राहिला हल्ल्याचा प्रसंग. त्या वेळी सारे सोडून रणांगणाकडे धावावे असे वाटणे स्वाभाविक असले, तरी केंद्राची घंटा वाजवताच पंधरा गावकरी आत शिरून बाण सोडू लागतात, आणि तेवढ्या उसंतीत ‘एच’ ही कळ दाबून केंद्र निवडावे व गावकऱ्यांची पुढची मागणी नोंदवावी. लढाई तोवर आपली आपण चालते. घर, गावकरी, मग शिपाई, हा क्रम भाच्याने कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला.

भाऊबीजेच्या रात्रीच्या डावात आठव्या मिनिटास त्याचे २१ गावकरी होते. तो डावही तो हरला, पण एकावन्नाव्या मिनिटास. आणि यंत्र चीटिंग करते असे त्या रात्री तो म्हणाला नाही.