रक्षक पेशींना गाठीत आवतण

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या जळगाव जामोदच्या परिसरात कपाशी पिकते. कपाशीच्या शेतात काठीला टांगलेला कामगंध सापळा तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. त्यातील ल्यूरला गुलाबी बोंडअळीच्या मादी पतंगासारखा गंध असतो. नर पतंग त्या गंधाचा माग काढीत येतो आणि सापळ्यात अडकतो. अशीच युक्ती कर्करोगावर चालेल काय, याचा शोध शास्त्रज्ञ घेत आहेत. मात्र येथे बोलवायचे ते शत्रूला नव्हे, मित्रांना!

हे मित्र म्हणजे रक्तातील टी-पेशी. जंतूंची लागण झालेल्या व कर्करोगाच्या पेशी ओळखून त्यांना मारणे हे त्यांचे काम. पण त्यांना जागा कशी कळते? संसर्ग झालेल्या ठिकाणच्या पेशी ‘केमोकाइन’ नावाची लहान प्रथिने सोडतात. उगमाजवळ त्यांचे प्रमाण जास्त असते, दूर कमी. टी-पेशी हा फरक ओळखते आणि प्रमाण वाढत जाईल त्या दिशेने सरकते.

कर्करोगाच्या अनेक गाठींमधून ही हाक पुरेशी येत नाही. शिवाय गाठीतील रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या आणि भोवतालचे तंतू दाट असतात. त्यामुळे टी-पेशी बाहेरच राहतात.

आता आपल्या मुंबईचे उदाहरण पाहा. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल केंद्र यांच्या सहकार्यातून ‘नेक्सकार-१९’ हा उपचार तयार झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला भारतात मान्यता मिळाली. यात रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून त्यांना एक नवे प्रथिन देतात. या प्रथिनामुळे त्या कर्करोगग्रस्त बी-पेशींवरील ‘सीडी-१९’ ही खूण ओळखतात. हा उपचार बी-पेशींच्या काही रक्ताच्या व लसीका ग्रंथींच्या कर्करोगांसाठी आहे. तोंडाच्या किंवा स्तनाच्या घट्ट गाठीत मात्र शत्रू ओळखता येणे पुरेसे नाही. आधी तेथवर पोहोचले पाहिजे.

त्यासाठी शास्त्रज्ञ दोन भाग जोडून एक प्रथिन बनवतात. पहिला भाग प्रतिपिंडाचा. तो गाठीच्या पेशींवरील विशिष्ट खुणेला चिकटतो. हा झाला पत्ता. दुसरा भाग केमोकाइनचा. ही झाली हाक.

नुसते केमोकाइन रक्तात टोचले तर? याचेही उत्तर कपाशीच्या शेतात आहे. मादीचा गंध शेतभर पसरवला, तर नराला मादीची दिशाच सापडत नाही. बोंडअळी रोखण्यासाठी ही रीतही वापरतात. तसेच केमोकाइन सर्वत्र पसरले, तर टी-पेशींना दिशा उरणार नाही. म्हणून हाकेला पत्ता हवाच.

उंदरांवरील प्रयोगांत अशा प्रथिनांनी टी-पेशी गाठीत ओढून आणल्या आहेत. रोजच्या उपचारात मात्र ती अजून आलेली नाहीत. गाठीवरची खूण निरोगी पेशींवरही असेल तर त्यांनाही इजा होईल. शिवाय आत आलेल्या टी-पेशी थकून निष्क्रिय होतात, त्यांना जागे ठेवणे हा वेगळाच प्रश्न आहे.

तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कर्करोग आपल्याकडे फार आढळतो. अशा रुग्णांना या संशोधनाचा उपयोग व्हावा, ही आशा आहे. तोवर तंबाखूला हात न लावणे हे मात्र आपल्याच हातात आहे.