जिंकलेलं आठवेना, हरलेलं सलेना

घरात कुणी गेलं की दहा दिवस सुतक पाळायची आपल्याकडे रीत आहे. त्या दिवसांत दुःखाला जागा मिळते, मग माणूस हळूहळू कामाला लागतो. क्रिकेटवेड्या माणसाला मात्र हल्ली सुतक फिटेपर्यंतही उसंत मिळत नाही.

१९ नोव्हेंबर २०२३ आठवा. ओळीने दहा सामने जिंकून आपण अहमदाबादला विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात उतरलो आणि ऑस्ट्रेलियाकडून हरलो. त्या रात्री बेळगावात शहापूरपासून टिळकवाडीपर्यंत कुणाला बोलावंसं वाटत नव्हतं. आणि चारच दिवसांनी, २३ नोव्हेंबरला, विशाखापट्टणमला त्याच ऑस्ट्रेलियाविरुद्ध ट्वेंटी-ट्वेंटीची मालिका सुरू झाली! आपण २०९ धावांचं लक्ष्य गाठून जिंकलोसुद्धा. पण त्या विजयाने आदल्या रविवारचं दुःख कुणाचं हलकं झालं? आणि हरलो असतो तर कुणाला वाईट वाटलं असतं?

आनंदाचंही तेच. २९ जून २०२४ रोजी बार्बाडोसमध्ये दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून आपण ट्वेंटी-ट्वेंटीचा विश्वचषक आणला. ४ जुलैला मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. ६ जुलैला हरारेमध्ये आपला दुसरा संघ झिंबाब्वेविरुद्ध मैदानात उतरला आणि १३ धावांनी हरला. घरातले पेढे संपायच्या आत! ती हार किती जणांना सलली? किती जणांना ती झाली हेच ठाऊक होतं?

माझं म्हणणं एवढंच आहे, की प्रेक्षक दमलाय हे खरं. पण तो छोट्या क्रिकेटने दमलेला नाही. सामना संपल्यावर तो मनात मुरायला जो वेळ लागतो, तो त्याच्याकडून काढून घेतला गेलाय.

छोटं क्रिकेट आम्हाला नवं नाही

इंग्लंडमध्ये कौंटी संघांची ट्वेंटी-ट्वेंटी स्पर्धा २००३ साली सुरू झाली, तेव्हा साऱ्या जगाला नवल वाटलं. बेळगावकरांना त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. सरदार मैदानावर, व्हॅक्सिन डेपोवर टेनिस बॉलचे सहा-आठ षटकांचे सामने आम्ही कितीतरी आधीपासून बघत होतो. तरुणपणी अशा स्पर्धांत मी गुणलेखकाचं काम करायचो. एका बाकावर मी वही घेऊन बसलेला, शेजारी लाउडस्पीकरवर मराठीतून धावतं समालोचन करणारा मित्र आणि भोवती अनगोळ, वडगाव, शहापूरहून सायकली हाणत आलेली पोरं. आठ षटकांत सामना खलास. कुणालाही तो छोटा वाटला नाही.

कारण स्पर्धा वर्षातून एकदा असायची. त्यातला संघ आमच्या गल्लीचा असायचा. अंतिम सामन्यात झेल सोडणारा दुसऱ्या दिवशी दूध घ्यायला त्याच रस्त्याने जायचा आणि पुढची स्पर्धा येईपर्यंत ऐकून घ्यायचा. सामना अर्ध्या तासाचा, पण त्याच्यावरची चर्चा वर्षभराची. छोट्या क्रिकेटची खरी लांबी ही होती.

म्हणून ‘वीस षटकं म्हणजे क्रिकेटच नव्हे’ असं म्हणणाऱ्या जुन्या मंडळींच्या पंगतीला मी बसणार नाही. १८ एप्रिल २००८ला बंगळूरला आयपीएलचा पहिला सामना झाला. त्यात ब्रेंडन मॅकलमने नाबाद १५८ धावा कुटल्या. ती खेळी मी बघितली आणि माझ्याही तोंडात बोट गेलं.

ताट भरलं तरी वाढपी थांबेना

पण त्या पहिल्या वर्षी आठ संघ होते आणि सामने साठाच्या आत. २०२२पासून संघ दहा झाले, सामने ७४. एका सामन्याला साडेतीन तास धरा. अडीचशे तासांच्या वर हिशेब जातो. पाच कसोटींची मालिका, प्रत्येक कसोटी पाचव्या दिवसापर्यंत गेली, तरी खेळाचे तास दीडशेच होतात. वेळ वाचवण्यासाठी आलेला प्रकार दोन महिन्यांत वेळ किती खातो, बघा!

शिवाय आयपीएल हे एकच ताट नाही. ऑस्ट्रेलियाची बिग बॅश, कॅरिबियन लीग, पाकिस्तान आणि बांगलादेशच्या लीग आधीपासून आहेत. २०२१ला इंग्लंडमध्ये शंभर चेंडूंचा प्रकार आला. २०२३ साली दक्षिण आफ्रिका, आखाती देश आणि अमेरिका या तिघांनी आपापल्या लीग मांडल्या. सीमाभागातल्या माणसाची तर आणखीच मजा. २००९ला कर्नाटक प्रीमियर लीग निघाली, त्यात बेळगावच्या नावाचाही संघ होता. सामनेनिश्चितीच्या प्रकरणाने २०१९मध्ये ती गाजली आणि थांबली. २०२२ला तिच्या जागी महाराजा ट्रॉफी आली, पुढच्याच वर्षी महाराष्ट्राची लीगही. सीमेच्या दोन्ही बाजूंनी आग्रह करकरून वाढणं चालू! ‘पुरे’ म्हणून ताटावर आडवा हात धरला, तरी बोटांच्या फटीतून एक लीग वाढलीच जाते.

अशा पंगतीत चव जाते. २०१३मध्ये बंगळूरच्या संघाने २६३ धावा केल्या, ख्रिस गेलच्या एकट्याच्या नाबाद १७५. तो विक्रम अकरा वर्षं टिकला. २०२४मध्ये हैदराबादने २७ मार्चला २७७ केल्या आणि वीस दिवसांच्या आत, १५ एप्रिलला, २८७. त्याच वर्षी डिसेंबरात इंदूरला बडोद्याने सिक्कीमविरुद्ध वीस षटकांत ३४९ धावांचा डोंगर उभा केला. स्पर्धेचं नाव सय्यद मुश्ताक अली करंडक. हे मुश्ताक अली इंदूरचेच. १९३६ला मँचेस्टरला त्यांनी ११२ धावा केल्या, परदेशात कसोटी शतक करणारा पहिला भारतीय म्हणून आजही त्यांचं नाव घेतात. बडोद्याच्या ३४९ला एक वर्षही लोटलं नव्हतं, तेव्हा मी कट्ट्यावर विचारलं होतं, ‘त्यात शतक कुणी केलं?’ कुणालाच सांगता आलं नाही. षटकार पूर्वी सणासारखा यायचा, आता तो रोजच्या भाजीभाकरीसारखा झालाय. आणि गोलंदाजाचं दुःख तर कुणी विचारूच नये.

आपला कोण, परका कोण?

दमण्याचं आणखी एक कारण म्हणजे आपलं माणूस ओळखू येईनासं झालंय. मोहम्मद सिराज सात हंगाम बंगळूरकडून खेळला. लिलाव झाला आणि २ एप्रिल २०२५ला तो गुजरातकडून बंगळूरच्याच मैदानात येऊन तीन बळी घेऊन गेला. आमच्या शेजारच्या घरातली पोरं क्षणभर टाळ्या वाजवायच्या की हात चोळायचे, अशा पेचात. २०२४मध्ये हार्दिक पंड्या गुजरातहून कर्णधार म्हणून मुंबईला परतला, तेव्हा खुद्द वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली गेली. हुर्यो उडवणं वाईटच. पण त्यामागचं दुखणं समजून घ्यायला हवं. खेळाडू वस्तूसारखे इकडून तिकडे फिरवले, की प्रेक्षकाचा जीव टांगणीला लागायला खुंटीच उरत नाही.

मग काही जणांनी दुसरी खुंटी शोधली. माझा भाचा मोबाइलच्या ॲपवर एकोणपन्नास रुपये भरून स्वतःचा संघ लावायचा. दोन्ही बाजूंचे खेळाडू त्याच्याच संघात! सामना चुरशीचा चाललेला आणि हा निराळ्याच गुणांवर डोळा ठेवून. ‘कोण जिंकतंय रे?’ म्हटलं तर म्हणायचा, ‘ते सोडा मामा, माझ्या कॅप्टनचं बघालोय.’ एकोणपन्नास-एकोणपन्नास करत पगारातले किती गेले, हे त्याने आईला कधी सांगितलं नाही. ऑगस्ट २०२५मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा झाला आणि ते ॲप बंद पडलं. मला वाटलं, आता पोरगं सुखाने सामना बघेल. त्याने सामने बघणंच सोडलं! पैशाचा धागा तुटल्यावर त्याला खेळाशी बांधणारं दुसरं काही शिल्लकच नव्हतं. मला त्या गेलेल्या पैशांपेक्षा हे जास्त लागलं.

भूक मात्र शाबूत आहे

कुणी म्हणेल, लोक दमलेत तर मैदानं भरतात कशी? प्रश्न रास्त आहे. ३ जून २०२५ला बंगळूरने पहिल्यांदा आयपीएल जिंकली, तेव्हा बेळगावातही मध्यरात्री फटाके वाजले. ‘ई साला कप नमदे’ ही आरोळी मराठी घरांतल्या पोरांनीही दिली. दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत अकरा जीव गेले आणि त्या आनंदाला कायमचा चटका बसला. पण ती गर्दी मुळात आली कशासाठी? सतरा हंगाम रिकाम्या हाताने परतल्यानंतर अठराव्यात चषक मिळाला होता. खेळ तोच, वीस षटकांचा. गोडी होती ती वाट बघण्याची.

महिला संघाचंही तसंच. २०१७मध्ये लॉर्ड्‌सवर नऊ धावांनी विश्वचषक हुकला होता. २ नोव्हेंबर २०२५ला नवी मुंबईत पावसामुळे अंतिम सामना उशिरा सुरू झाला आणि मध्यरात्रीच्या सुमारास संपला. पन्नास षटकांचा खेळ. तरी आमच्या घरात एरवी दहाला झोपणाऱ्या माझ्या वहिनीसुद्धा दीप्ती शर्माचा पाचवा बळी पडेपर्यंत जाग्या होत्या. त्या आधीच्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या पाचही कसोट्या पाचव्या दिवसापर्यंत गेल्या. ओव्हलवर शेवटच्या सकाळी सिराजने सहा धावांनी सामना खेचून आणला, तेव्हा दुकानदार गिऱ्हाईक सोडून मोबाइलमध्ये डोकावत होते. मेलबर्नला २०२४च्या डिसेंबरात भारताची कसोटी बघायला पाच दिवसांत ३,७३,६९१ माणसं आली. माणसाला क्रिकेटचा कंटाळा आला असता, तर हे झालं असतं का?

मला स्वतःला विचाराल, तर गेल्या काही वर्षांत सगळ्यात लख्ख आठवतात ते आपल्याच ऑटोनगरच्या मैदानावरचे सामने. २०१९च्या मे-जूनमध्ये श्रीलंकेचा अ संघ इथे आला होता. चार दिवसांच्या सामन्यात अभिमन्यू ईश्वरनने २३३ धावा केल्या, प्रियांक पांचाळने १६०. पुढे एकदिवसीय सामन्यात पुण्याच्या ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ काढल्या. तेव्हा त्याचं एवढं नाव झालं नव्हतं. ‘आपण याला आधी बघितलंय’ असं सांगताना बेळगावकराची मान अजूनही ताठ होते. हे सगळं मला वही न उघडता सांगता येतं. गेल्या एप्रिलमधल्या कुठल्याही मंगळवारचा सामना विचारा, मी गप्प.

क्रिकेट मंडळ सामने कमी करेल या आशेवर बसण्यात अर्थ नाही. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांच्या आयपीएल प्रक्षेपणाचे हक्क ४८,३९० कोटींना गेले. एवढं दुभतं जनावर कोण बांधून ठेवेल? पण रिमोट तर आपल्या हातात आहे. आमच्या घरी आम्ही एक नियम केलाय. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येकाने एकच संघ निवडायचा आणि आठवड्यात एकच सामना बघायचा. तोही सगळ्यांनी मिळून, मोबाइल बाजूला ठेवून. दुसऱ्या दिवशी जेवताना त्यावर बोलायचं. पहिल्या आठवड्यात कुरकुर झाली. तिसऱ्या आठवड्यात भाचाही येऊन बसला. आता बुधवारपासूनच ‘रविवारी कोण कोण खेळतंय?’ अशी चौकशी सुरू होते.

आणि ऑटोनगरला पुन्हा कधी चार दिवसांचा सामना लागला, तर घरातल्या एका तरी पोराला घेऊन जा. पाण्याची बाटली, शेंगदाणे आणि टोपी घ्या. पहिल्या तासात तो कंटाळेल. त्याला कंटाळू द्या. दुपारनंतर एखादी विकेट पडेल, आणि ती त्याच्या लक्षात राहील.