पाणी तोडा, बोगनवेल फुलेल

बोगनवेलीचा गुलाबी बहर फुलांचा नसतो, तर छदांचा, म्हणजे रंगीत पानांचा असतो. खरी फुले म्हणजे त्यांच्यामधल्या तीन बारीक, पांढरट नळ्या. मूळच्या दक्षिण अमेरिकेतल्या या वेलीची युरोपला ओळख झाली ती फिलिबेर कॉमर्सन या वनस्पतिशास्त्रज्ञामुळे. १७६७ मध्ये ब्राझीलमध्ये त्याने तिचे नमुने गोळा केले.

भरपूर पाणी आणि नत्र मिळाले की वेल नुसती पानांनी माजते. मुळांना थोडा ताण बसला, की ती बहराकडे वळते. म्हणून रोज किमान सहा तास ऊन द्या, कुंडीतले पाणी साचू देऊ नका आणि वरची माती सुकल्यावरच पाणी घाला. बहर नव्या फुटीवर येतो, त्यामुळे तो ओसरल्यावर निर्धास्तपणे छाटणी करा. टंचाईच्या गावांतही कुंपणासाठी ही वेल नक्की लावावी.