घरी बनवलेलं विमान विकत घेतलं, पण उडवायचं कसं? 'ट्रान्झिशन ट्रेनिंग'ची गोष्ट समजून घ्या

जुनी बुलेट चालवलीये का कधी?

पूर्वीच्या बुलेटला गिअर उजव्या पायाला असायचा आणि ब्रेक डाव्या पायाला. वर्षानुवर्षं स्प्लेंडर चालवलेला माणूस अशा बुलेटवर बसला की पहिली पाच मिनिटं सगळं नीट चालतं. मग अचानक एखादं कुत्रं आडवं येतं. उजवा पाय सवयीने ब्रेक शोधायला जातो आणि पडतो गिअरवर. त्याला गाडी चालवता येत असते, पण ही गाडी येत नसते.

आता हाच प्रकार विमानात झाला तर? तोही जमिनीपासून काही शे फुटांवर?

असं झालंय. आणि ज्यांच्या बाबतीत झालं, त्यांचं नाव जगभरात माहिती आहे.

जॉन डेन्व्हर यांच्या विमानात काय झालं होतं?

'कंट्री रोड्स' हे गाणं तुम्ही ऐकलं असेल. ते गाणारे अमेरिकन गायक जॉन डेन्व्हर हौशी पायलटही होते. त्यांच्याकडे अडीच हजार तासांपेक्षा जास्त उड्डाणाचा अनुभव होता. म्हणजे हे काही नवशिक्याचं प्रकरण नव्हतं.

१९९७ मध्ये त्यांनी 'लाँग-ईझी' नावाचं छोटं विमान सेकंडहँड घेतलं. प्रसिद्ध डिझायनर बर्ट रुटान यांच्या आराखड्यावरून एका हौशी माणसाने ते बनवलं होतं. दोन जणांचं विमान, इंजिन आणि पंखा मागच्या बाजूला.

११ ऑक्टोबरला त्यांनी या विमानाची जेमतेम अर्ध्या तासाची ओळख-फेरी केली. दुसऱ्या दिवशी, १२ ऑक्टोबरला ते कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरेहून एकटेच निघाले. थोड्याच वेळात विमान समुद्रात कोसळलं. डेन्व्हर यांचं वय होतं ५३ वर्षं.

तपासात समोर आलेली गोष्ट साधी आहे. जुन्या बाईकला पेट्रोल 'रिझर्व्ह'वर लावायचा कॉक असायचा ना, तसा या विमानातही एका टाकीवरून दुसऱ्या टाकीवर जाण्यासाठी एक कॉक होता. मूळ आराखड्यात तो पायलटच्या समोर, दोन पायांच्या मध्ये होता. पण बनवणाऱ्याने तो पायलटच्या डाव्या खांद्यामागे बसवला. तिथे हात न्यायचा तर अंग वळवावं लागायचं. आणि तसं वळताना उजवा पाय नकळत रडरच्या पेडलवर दाबला जातो, असं तपास करणाऱ्यांना करून पाहिल्यावर दिसलं.

अमेरिकेत विमान अपघातांचा तपास नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड करतं. थोडक्यात, एनटीएसबी. कॉक फिरवण्याच्या नादात लक्ष विचलित झालं, उजवा रडर दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला, असा त्यांचा निष्कर्ष होता. कॉकची अवघड जागा आणि खुणा नसलेले इंधन-मापक ही कारणं त्यांनी नोंदवलीच, पण त्या यादीत आणखी एक कारण होतं. अपुरं ट्रान्झिशन ट्रेनिंग.

ट्रान्झिशन ट्रेनिंग म्हणजे नेमकं काय?

सोप्या भाषेत सांगायचं तर, ज्याला विमान उडवता येतं त्याला 'हे' विमान उडवायला शिकवणं.

मोठ्या विमानांसाठी हे सक्तीचंच असतं. एअरबस उडवणारा पायलट उद्यापासून बोइंग उडवू शकत नाही, त्यासाठी वेगळं 'टाइप रेटिंग' लागतं. पण अमेरिकेत एका इंजिनाच्या छोट्या विमानांना असं टाइप रेटिंग लागत नाही. शेपटीखाली चाक असलेलं किंवा २०० हॉर्सपॉवरपेक्षा मोठ्या इंजिनाचं विमान असेल, तर प्रशिक्षकाची वेगळी सही लागते. बाकी लायसन्स असलं की कायदा तुम्हाला फारसा अडवत नाही.

गोची इथेच आहे.

पण घरी विमान बनवायला परवानगी असते?

असते. अमेरिकेत ही हौस खूप जुनी आहे. अशा हौशी लोकांची ईएए ही संघटना १९५३ साली सुरू झाली आणि दरवर्षी ऑशकॉश इथे तिचा मोठा मेळा भरतो.

नियम असा की, विमान बनवण्याचं निम्म्याहून जास्त काम हौस किंवा शिक्षण म्हणून केलेलं हवं. बहुतेक लोक तयार किट आणतात आणि गॅरेजमध्ये जोडतात. अशा विमानाला 'एक्सपेरिमेंटल' दर्जा मिळतो. कारखान्यातल्या विमानांचे सुरक्षा निकष याला लागू नाहीत, अशी पाटी प्रवाशाला दिसेल अशी लावावी लागते. सुरुवातीचे साधारण २५ ते ४० तास चाचणीचे असतात आणि त्यात प्रवासी नेता येत नाही.

पण हेच विमान पुढे विकलं गेलं तर? नवीन मालकाने एक रिव्हेटही मारलेला नसतो. कोणती वायर कुठून गेलीय, कोणता कॉक कुठे आहे, हे बनवणाऱ्याच्या डोक्यात असतं. ते डोकं काही विमानासोबत विकत मिळत नाही.

आकडे काय सांगतात?

एनटीएसबीने २०१२ मध्ये घरी बनवलेल्या विमानांच्या सुरक्षेवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या खासगी आणि छोट्या विमानांमध्ये यांचा वाटा साधारण १० टक्के. २०११ मध्ये अपघातांमधला वाटा मात्र साधारण १५ टक्के आणि जीवघेण्या अपघातांमधला २१ टक्के.

त्यातली दोन निरीक्षणं महत्त्वाची आहेत. एक, अपघात झालेल्या विमानांपैकी निम्म्याहून जास्त सेकंडहँड घेतलेली होती. आणि दोन, बरेच अपघात विमान नवं असताना किंवा नवीन मालकाच्या हातात आल्यावर लगेच झाले होते.

म्हणजे सगळ्यात धोक्याचे असतात ते पहिले काही तास. नेमके तेच, ज्यात शेजारी कोणीतरी जाणकार बसलेला हवा.

अनुभवी पायलटही का चुकतो?

बहुतेक लोक सेस्ना १७२ सारख्या विमानावर शिकतात. हे विमान समजूतदार आहे, लहानसहान चुका पोटात घालतं. घरी बनवलेली बरीच विमानं वेगवान आणि हलकी असतात. सेस्नाला जिथे हाताने ओढावं लागतं, तिथे यांना दोन बोटं पुरतात. सवयीच्या जोराने ओढलं तर विमानाचं नाक भलतीकडेच जातं.

दुसरा मुद्दा 'स्टॉल'चा. गाडी स्टॉल होते म्हणजे इंजिन बंद पडतं. विमानात तसं नाही. नाक इतकं वर जातं, की पंखांना विमान पेलवेनासं होतं. सेस्ना त्याआधी बराच इशारा देते. काही घरगुती विमानं मात्र इशारा न देताच पडू लागतात.

तिसरा मुद्दा खुद्द बनवणाऱ्यांचा. किट जोडायला दीड-दोन हजार तास सहज जातात. नोकरी सांभाळून म्हणजे कित्येक वर्षं. या काळात माणूस गॅरेजमध्ये असतो, आकाशात नाही. विमान तयार होतं तेव्हा हात गंजलेले असतात आणि उत्साह मात्र शिगेला पोचलेला असतो.

मग शिकवतात काय?

सुरुवात जमिनीवर होते. इंधन कुठून कुठे जातं, कॅनॉपी नीट लागलीय का, वजन कुठे ठेवायचं, कोणत्या वेगाला काय करायचं. सीटवर बसून, डोळे मिटून प्रत्येक बटण हाताने शोधायचं. डेन्व्हर यांची गोष्ट वाचल्यावर याचं कारण वेगळं सांगायला नको.

मग हवेत. पुरेशा उंचीवर जाऊन विमान मुद्दाम हळू चालवायचं, स्टॉल करायचं, सावरायचं. इंजिन बंद पडल्याचं गृहीत धरून उतरायचा सराव करायचा. आडव्या वाऱ्यात उतरायचं. लँडिंग जमत नसेल तर पुन्हा वर जायचं. हे सगळं शेजारी त्याच मॉडेलची सवय असलेला प्रशिक्षक असताना.

मग सगळे हे करत का नाहीत?

कारण तसा प्रशिक्षक आणि तसं विमान सहज सापडत नाही. घरी बनवलेली विमानं एरवी भाड्याने देता येत नाहीत. प्रशिक्षणासाठी द्यायची तर एफएए या सरकारी यंत्रणेची विशेष परवानगी लागते. विमान एकाच सीटचं असेल, तर प्रशिक्षक बसणार कुठे?

यावर एफएएने मार्गदर्शक सूचना काढल्यात. विमानांचे स्वभावानुसार गट केलेत, म्हणजे तेच मॉडेल नाही मिळालं तरी त्याच स्वभावाच्या दुसऱ्या विमानावर शिकता येतं. २०१४ पासून चाचणीच्या काळातही पात्र असा दुसरा पायलट सोबत नेता येतो. शिवाय विमा कंपन्याही पॉलिसी देताना आधी प्रशिक्षकासोबत काही तास उडवायला सांगतात. अनेकदा कायद्याने केलं नाही, ते विम्याने केलंय.

आपला काय संबंध?

मुंबईत कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर विमान बनवणारे कॅप्टन अमोल यादव तुम्हाला आठवत असतील. २०१६ च्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात ते विमान लोकांनी पाहिलं, २०१७ मध्ये डीजीसीएची नोंदणी मिळाली आणि चाचणीसाठी उडवायची परवानगी यायला २०१९ उजाडलं. आपण तेव्हा बोललो ते जिद्दीबद्दल आणि सरकारी दिरंगाईबद्दल. तेही बरोबरच होतं.

पण विमान बनलं, कागद मिळाले, म्हणजे गोष्ट संपली असं नसतं. पुढचे पहिले काही तास उरलेले असतात. यापुढे 'याने घरीच विमान बनवलं' असा व्हिडिओ समोर आला, तर लाइक जरूर करा. आणि कमेंटमध्ये एवढं विचारा, "भाऊ, पहिल्यांदा उडवताना शेजारी कोण होतं?"