जागच्या जागीं सायकल-सफर

सायकल मोकळ्या हवेंतच चालवावी, याविषयीं दुमत असण्याचें कारण नाहीं. परंतु कोंकणपट्टींत पावसाळा सुरू झाला म्हणजे निसरड्या रस्त्यावरून व पाण्याखालीं दडलेल्या खड्ड्यांतून ती दामटणें हें धाडस नसून अविचार होय. अशा दिवसांत व्यायामांत खंड पडूं नये म्हणून 'ट्रेनर' हें साधन उपयोगी पडतें. त्यावर आपलीच सायकल चढवून घरांत जागच्या जागीं चालवितां येते. त्याची निवड व उपयोग यांचा आम्ही येथें थोडक्यांत विचार करणार आहों.

ट्रेनरचे मुख्य प्रकार तीन. पहिला रोलरचा. यांत चौकटींतील तीन फिरत्या नळकांड्यांवर सायकल मोकळीच राहते. त्यामुळें तोल उत्तम सुधारतो, पण नवशिक्यास पडण्याची भीति असते. दुसऱ्यांत मागचा आंस चिमट्यांत धरून टायर लहानशा रुळावर टेकवितात व लोहचुंबकानें किंवा द्रवानें रुळास विरोध करितात. हा स्वस्त, मात्र टायर झिजतो व आवाज होतो. तिसऱ्यांत मागचें चाक काढून साखळी थेट यंत्राच्या दांतेरी चक्रांवर चढवितात. हा शांत व अचूक, पण जड व महाग.

विकत घेण्यापूर्वीं आपल्या चाकाचा व्यास व आंसाची घडण अवश्य पाहावी. साध्या सायकलीचा आंस नटांनीं आवळलेला असतो. पुष्कळ ट्रेनर मात्र खटक्यानें सुटणाऱ्या आंसासाठीं घडविलेले असतात.

तथापि खरें मर्म निवडीपेक्षां वापरण्यांत आहे. रस्ता आपणांस दोन गोष्टी फुकट देतो: वारा आणि विसांवा. खोलींत त्या आपणच पुरवावयाच्या असतात. शरीर खर्चिलेल्या शक्तीपैकीं फार तर चतुर्थांश पायंडलापर्यंत पोंचवितें. बाकीची उष्णता होते. म्हणजे १५० वॅट काम करणाऱ्या स्वाराच्या अंगीं निदान ४५० वॅट उष्णता उत्पन्न होते. रस्त्यावर ती वारा वाहून नेतो. बंद, दमट खोलींत घामही वाळत नाहीं व ती अंगांतच सांचते. म्हणून समोर पंखा, उघडी खिडकी व हाताशीं पाणी ही त्रयी असल्यावांचून बसूं नये. डोकें दुखूं लागल्यास, मळमळल्यास किंवा घेरी आल्यास तत्काळ उतरावें.

ट्रेनरवर उतार लागत नाहीं, म्हणून पायांस आपोआप विसांवा मिळत नाहीं. आरंभीं हलक्या गिअरवर वीस मिनिटें पुरेत. मधून मधून बैठकीवरून उठावें. शेवटीं खारट घाम पुसावा, नाहीं तर सायकलीस गंज चढतो. आणि घरांतील लहान भावंडांस फिरत्या चाकापासून दूर ठेवावें. त्यांचीं कोंवळीं बोटें आपल्या व्यायामाहून अधिक मोलाचीं आहेत.

अशा रीतीनें चार महिने घालविणाऱ्या विद्यार्थ्यास आश्विनांत रस्ता परका वाटणार नाहीं, असा आमचा विश्वास आहे.