वाढलेली भूक : आरोग्याचे लक्षण की आजाराची सूचना?

दिल्ली-जयपूर महामार्गावरील मानेसर हे गाव मोटारींच्या कारखान्यांइतकेच एनएसजीच्या प्रशिक्षण केंद्रासाठी आणि तेथील श्वानपथकासाठी ओळखले जाते. बदलीनिमित्त आम्ही तेथे राहत असताना आमची नऊ वर्षांची लॅब्रॅडॉर राणी एकाएकी दुप्पट जेवू लागली. म्हातारपणी भूक सुधारली, म्हणून घरात सारे खूश! ती वाळत चालली आहे आणि सारखी पाणी पिते आहे, हे ध्यानात येईपर्यंत दोन महिने उलटले. पशुवैद्यांनी रक्त व लघवी तपासली. निदान झाले मधुमेहाचे. इन्सुलिनने राणी सावरली. पण मोतीबिंदूने तिची दृष्टी गेली. कुत्र्यांच्या मधुमेहात असे वारंवार घडते.

मधुमेहात रक्तातील साखर पेशींपर्यंत पोहोचत नाही. पोट भरलेले असूनही शरीर उपाशीच राहते व अधिक अन्न मागते. म्हणूनच भूक वाढून वजन घटणे ही धोक्याची खूण होय. जंत, स्वादुपिंडाची पाचकरसांची उणीव आणि उतारवयातील मांजरांमध्ये थायरॉइडची अतिक्रियाशीलता यांतही हेच दिसते. याउलट भूक, तहान व पोटाचा घेर तिन्ही वाढल्यास कुशिंग विकाराची शंका घ्यावी. स्टिरॉइड किंवा फिटांवरील काही औषधांनीही भूक वाढते. मात्र ही औषधे परस्पर बंद करू नयेत. वाढीचे वय, गर्भारपण आणि पिलांना पाजण्याचा काळ यांतील भूक अर्थातच स्वाभाविक असते.

काहींची भूक उपजतच असते. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी 2016 मध्ये दाखवून दिले की, सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या ‘पॉमसी’ या जनुकात दोष असतो. त्यामुळे त्यांना खाण्याची ओढ अधिक असते. 2024 च्या अभ्यासानुसार अशी कुत्री विश्रांतीत ऊर्जाही कमी खर्च करतात. म्हणजे मागणी जास्त आणि खर्च कमी! खाऊच्या बक्षिसाने शिकवताना हीच ओढ उपयोगी पडते. घरात मात्र ती लठ्ठपणा आणते.

मग करावे काय? प्रथम तपासणी करून घ्यावी. आजार नसल्यास दिवसाचे अन्न मोजून दोन-तीन वेळांत विभागून द्यावे. वरखाऊ एकूण उष्मांकांच्या दहा टक्क्यांपेक्षा अधिक नसावा. आपल्या ताटातील घास देऊ नये; कांदा, द्राक्षे, मनुका तर कधीच नाहीत. मांजराला मात्र उपाशी ठेवू नये. त्याने यकृताचा गंभीर विकार जडू शकतो.

पासबुकात जमा-खर्च पाहतो, तसे महिन्यातून एकदा आपल्या प्राण्याचे वजन वहीत नोंदवावे. राणीची अशी वही आमच्याकडे असती, तर ते दोन महिने वाया गेले नसते.